माउथ ऑर्गनमध्ये अडकलेली मिशी

माउथ ऑर्गन शिकताना कुणी दगावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी शिकत होतो तेव्हा मात्र माझे वडील गेले, आणि त्या वेळी ते साताऱ्यात खुर्चीत बसून शेंगा सोलत होते.

हे कसं झालं असं लोक अजून विचारतात. म्हणून एकदा क्रमानं सांगून टाकतो.

मी बँकेत. निवृत्ती जवळ आलेली असताना बँकेनं मला चेन्नईला पाठवलं. ऑफिस नुंगंबाक्कमला आणि घर अंबत्तूरला. आमची मुलगी मृण्मयी आधीपासूनच चेन्नईत होती, ओरगडमच्या एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. तिच्याच कारखान्यात राघव होता. राघव राव. नावावरून कळत नाही, पण मराठी. त्याचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यांच्या घरात अजून मराठी बोलतात, पण ती ऐकताना जुनी पोथी कुणीतरी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटतं. त्यांचं निम्मं बोलणं आम्हाला कळायचं आणि आमचं निम्मं त्यांना. नेमकं कुठलं निम्मं, याचा विचार तेव्हा कुणी केला नाही.

मृण्मयी आणि राघवनं आपापसात ठरवलंच होतं. आता घरच्यांनी ठरवायचं होतं, आणि त्यांच्या घरी ठरवायचा अधिकार राघवच्या आज्जींकडे होता. घाईही होती, कारण कंपनी राघवला लवकरच जपानला पाठवणार होती, आणि निदान साखरपुडा तरी उरकूनच जायचं असं दोघांचं म्हणणं होतं.

पहिली भेट त्यांच्या घरी झाली. ते सगळं घर संगीताचं. आज्जींची वीणा, राघवच्या वडिलांचा मृदंग, आई गाणारी, राघवचं व्हायोलिन. कॉफी पिऊन झाल्यावर आज्जींनी आमच्याकडे बघून विचारलं, "तुमच्यांत कोण काय वाजवतें?"

आमच्या सात पिढ्यांत दाराची बेल सोडून कुणी काही वाजवलेलं नाही. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझी बायको सुलभा म्हणाली, "ह्यांना माउथ ऑर्गन येतो."

मला येत नव्हता. कॉलेजच्या सहलीतला एक फोटो आमच्याकडे आहे, त्यात माझ्या हातात माउथ ऑर्गन आहे. तो मित्राचा. त्याच्या बुटाची नाडी सुटली म्हणून त्यानं तो मला क्षणभर धरायला दिला होता. (फोटोत खाली कोपऱ्यात त्याची पाठही दिसते.) सुलभाला हे सगळं माहीत होतं. घरी आल्यावर मी तिला तसं म्हणालो, तेव्हा तिनं विचारलं, मग मी काय सांगायला हवं होतं, ह्यांना घोरता येतं म्हणून?

आज्जी मात्र खूश झाल्या होत्या. निश्चयाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी तुम्ही वाजवायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आमच्या वरच्या मजल्यावर वरदराजन सर राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि माउथ ऑर्गन उत्तम वाजवणारे. मी त्यांच्याकडे जायला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात दहा भोकांचा छोटा ऑर्गन दिला आणि वाजवा म्हणाले. मी छाती भरून हवा घेतली आणि चूल पेटवताना फुंकतात तसा फुंकलो. सरांच्या बायकोनं स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. त्यांना कुकरची शिटी वाटली.

सरांनी डोळे मिटून घेतले. "मेदुवा, सार," ते म्हणाले. मेदुवा म्हणजे हळू. पुढचे दोन महिने मी प्रामुख्यानं हा एकच शब्द शिकलो.

सरांचं म्हणणं असं की माउथ ऑर्गन फुंकायचा नसतो, त्याच्यातून श्वास घ्यायचा आणि सोडायचा असतो, आणि तोही पोटातून. छातीतून घेतला की काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी सरांच्या सोफ्यावर आडवा झालो. त्यांनी ताक दिलं. ते पिऊन मी घरी गेलो आणि सुलभाला सांगितलं की प्रगती आहे.

मग ओठ. नवखा माणूस एका वेळी तीन-चार भोकांत हवा सोडतो आणि सगळे सूर एकदम ओरडतात. एकच सूर हवा असेल तर ओठांचा चंबू करायचा, शीळ घालताना करतो तसा. मला शीळ घालता येत नाही. आरशासमोर उभं राहून मी चंबूचा सराव करू लागलो. एकदा बँकेच्या लिफ्टमधल्या आरशातही केला, आणि आमच्या विभागातल्या एक बाई मधल्याच मजल्यावर उतरून गेल्या.

सगळ्यात वाईट म्हणजे सातवं भोक. चौथ्यापासून सरगम सुरू होते. श्वास सोडला की सा, घेतला की रे, पुढच्या भोकात सोडला की ग, घेतला की म. असं सरळ चालतं आणि माणसाचा विश्वास बसतो. सातव्यात मात्र नियम उलटा होतो, आधी घ्यायचा आणि मग सोडायचा. मी तिथे दर वेळी आधी सोडायचो, आणि नी न लागता एकदम वरचा सा लागायचा. सर म्हणायचे, एक पायरी चढायची राहिली.

याशिवाय मिशी होती. ऑर्गन ओठांच्या टोकावर न धरता चांगला आत घ्यायचा असतो, म्हणजे सूर भरदार येतो. मी आत घेतला की मिशीचे केस त्याच्या पत्र्याच्या फटीत जायचे. एखाददुसरा केस उपटला जायचा आणि माझ्या रियाजात मधूनच एक आर्त जागा यायची. मिशी कमी करा, असं सरांनी दोनदा सुचवलं. मी ऐकलं नाही. आमच्या घरात मिशी ही गंभीर बाब आहे. माझे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांची मिशी साताऱ्यात लांबून ओळखतात. आणि आमच्याकडे माणूस मिशी पूर्ण उतरवतो ती फक्त एकाच प्रसंगी.

शेवटी साखरपुड्याची तारीख ठरवायला राव मंडळी आमच्याकडे जेवायला यायची झाली. रविवार होता. सुलभा सकाळपासून पुरण वाटत होती. आज्जींनी जेवणानंतर वाजवायला सांगितलं तर पंचाईत नको, म्हणून मी झोपण्याच्या खोलीत शेवटचा सराव करत होतो. त्या दिवशी का कोण जाणे, सातवं भोक बरोबर लागलं. सा रे ग म प ध नी सा. मी हर्षानं ऑर्गन उजवीकडून डावीकडे सर्रकन ओढला.

तो मध्येच थांबला. मिशीचा डावीकडचा अख्खा झुपका पत्र्याच्या फटीत घट्ट बसला होता.

मी ओढून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, मिशी आली नाही. मी सुलभाला हाक मारली, पण ऑर्गन तोंडावरच असल्यामुळे हाकेचे सूर झाले. पुन्हा जोरात हाक मारली. स्वयंपाकघरातून सुलभाचा आवाज आला, "वा, आज फार भाव आहे हो वाजवण्यात."

मग मी ऑर्गनसकट स्वयंपाकघरात गेलो. मृण्मयीनं बघितलं आणि ती ओट्याला धरून खाली बसली. सुलभा हसली नाही. पाहुणे यायला फार वेळ नव्हता. तिनं आधी तेल लावून बघितलं, मग हलकेच ओढून बघितलं आणि मग हलकेपणा सोडून दिला. प्रत्येक ओढीला मी एकेक सूर देत होतो. पत्रा उघडला असता तर सुटका झाली असती, पण तो बारीक खिळ्यांनी ठोकलेला होता आणि वरदराजन सर देवळात गेले होते. सुलभानं शिवणाची कात्री आणली.

झुपका गेला. उरलेली अर्धी मिशी घेऊन पाहुण्यांसमोर बसणं शक्य नव्हतं, म्हणून तीही उतरवली. डोक्यावर टक्कल आधीपासूनच होतं. आरशात एक अनोळखी इसम दिसू लागला, माझ्यापेक्षा थोडा मूर्ख. सुलभानं बजावलं की माउथ ऑर्गनचा विषयच काढायचा नाही, कुणी विचारलं तर मोघम बोलायचं. मृण्मयीनं सांगितलं की तिनं राघवला सगळं कळवलंय, पण फक्त त्यालाच.

राघव त्या दिवशी येणार नव्हता. कारखान्यात त्याची पाळी होती आणि तिथे फोन बाहेर कपाटात ठेवून आत जावं लागतं. म्हणजे मृण्मयीचा निरोप कपाटात होता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

आज्जी, राघवचे वडील आणि आई वेळेवर आले. आज्जी आत पाऊल टाकतानाच थबकल्या. त्यांची नजर माझ्या वरच्या ओठावर गेली आणि तिथेच राहिली. मग हळूच त्यांनी सुनेकडे बघितलं. तिघंही खुर्च्यांच्या अगदी कडेवर बसले. सुलभा आणि मृण्मयी आत पानं वाढायच्या गडबडीत होत्या. 

"कधीं झालें?" आज्जींनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

राघवनं सांगितलेलं दिसतंय, असं मला वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख बघून बरंही वाटलं. मिशीचं महत्त्व जाणणारी माणसं आहेत.

"आज सकाळीच," मी म्हणालो.

"त्रास फार झाला?"

"शेवटी शेवटी थोडी ओढाताण झाली. पण सुटलं एकदाचं."

राघवच्या आईनं पदर तोंडाला लावला. आज्जींनी हात जोडले. मग त्यांनी विचारलं, तुम्ही गेला नाहीत? मी म्हटलं, कुठे जाणार, तुम्ही येणार होतात ना. आणि त्यांना फार अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून मी पुढे सांगितलं, "एवढ्याशा गोष्टीसाठी पाहुण्यांना परत पाठवायचं, हे काही बरं दिसत नाही."

राघवचे वडील उठून उभे राहिले. मी त्यांना बसायला सांगितलं, पानं वाढली आहेत, पुरणपोळी आहे म्हणालो. आज्जी माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं, गोड चालत नसेल. मग त्या उठल्या, पाण्याच्या पेल्यालासुद्धा हात न लावता दाराशी गेल्या, आणि माझ्यासमोर न थांबता निघून गेल्या, मागोमाग ते दोघंही. सुलभा पोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आली तेव्हा खोलीत मी एकटाच होतो.

काय बोललात, असं तिनं विचारलं. मोघम, असं मी सांगितलं.

आम्ही तिघं त्या पोळ्यांसमोर बसून कारणं शोधत राहिलो. सुलभाचं मत पडलं की मिशीशिवाय माझा चेहरा त्यांनी पहिल्यांदाच बघितला आणि नातवंडांचा विचार केला.  मृण्मयी पुन्हा पुन्हा राघवला फोन लावत होती, आणि तो कपाटात वाजत होता. तिचं तोंड बघून मला पोळी जाईना. (एक गेली.)

तेवढ्यात साताऱ्याहून फोन आला. नाना होते.

"अविनाश, मी गेलो का?"

"नाही, नाना."

"नक्की?"

"तुम्ही बोलताय की."

"मला पण तसंच वाटतंय. मग आत्ता एका गृहस्थांनी सांत्वनाचा फोन कसा केला? नाना गेल्याचं कळलं, फार वाईट झालं म्हणाले. आपण कोण, असं विचारलं. मी म्हटलं, मी नाना. त्यांनी फोन ठेवला."

मग माझ्या डोक्यात दुपारची सगळी वाक्यं एकेक करून परत आली. कधी झालं. त्रास फार झाला का. सुटलं एकदाचं. गेल्या भेटीत सुलभानंच त्यांना सांगितलं होतं की नानांना खोकला झालाय म्हणून ते आले नाहीत, आणि साताऱ्याचा नंबरही दिला होता; म्हणजे नानांना फोन करणारे गृहस्थ राघवचे वडील. आणि वडील सकाळी गेलेले असताना, एवढीशी गोष्ट म्हणून पुरणपोळी वाढणारा मुलगा त्यांनी आज डोळ्यांनी बघितला होता.

मी नानांना घडलेलं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मिशीपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"पूर्ण काढलीस?"

"हो."

"मी असताना?"

"नाना, ती ऑर्गनमध्ये..."

"माझं काय, मी आज ना उद्या जाणारच," नाना म्हणाले. "पण मिशी, अविनाश?"

संध्याकाळी राघव कारखान्यातून सुटला. त्याला निरोप मिळाला, तो हसला, आणि घरी जाऊन आज्जींना समजावायला बसला. थोड्या वेळानं त्याचा मृण्मयीला फोन आला तेव्हा तो हसत नव्हता. आज्जींचा विश्वास बसला नव्हता. त्यांचं म्हणणं असं होतं की आपल्या घरात सुतक आहे हे उघड झालं तर वर्षभर कार्य करता येणार नाही, मुलगा जपानला जाईल, म्हणून ही माणसं मरण लपवतायत, आणि साताऱ्यात कुणाला तरी नाना म्हणून फोनवर बसवलंय. माउथ ऑर्गनमध्ये मिशी अडकली, हे तर त्यांना अगदीच रचलेलं वाटलं. इतकी वर्षं वाजवणाऱ्या माणसाची मिशी अडकेल कशी?

या प्रश्नाला सुलभाकडे उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं.

व्हिडिओ कॉल करून बघितला. नानांनी फोन असा धरला की आज्जींना कपाळाचा थोडा भाग आणि छताचा पंखा दिसला. हे जुनं चित्रीकरण असेल, असं आज्जी म्हणाल्या.

सोमवारी बँकेत माझ्या टेबलाभोवती सगळे हात बांधून उभे राहिले. साहेबांनी मी काही बोलायच्या आत रजा मंजूर केली. एकानं तेवढं विचारलं, तिरुपतीला गेला होता का? हो म्हटलं असतं तर प्रसाद मागितला असता. मी नाही म्हटलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मृण्मयीनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तिनं दिला असता तर बरं झालं असतं. ती गप्प राहून कामावर जायची आणि गप्प राहून परत यायची. मी माउथ ऑर्गन कपाटात वर टाकून दिला.

नानांना हे सुलभानं कळवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, मी येतोय, त्या बाईंना मला प्रत्यक्ष बघू दे. वयाचा, खोकल्याचा, प्रवासाचा कुठलाही मुद्दा त्यांनी ऐकला नाही. माझा धाकटा भाऊ त्यांना मिळेल त्या गाडीनं घेऊन आला. स्टेशनवर उतरल्यावर नानांनी माझा ओठ बघितला आणि तोंड फिरवलं. टॅक्सीत ते पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

सुलभा आणि मृण्मयीला घेऊन आम्ही सरळ रावांच्या घरी गेलो. दार आज्जींनीच उघडलं. समोर पांढऱ्या शुभ्र, पिळदार मिशीचे नाना उभे. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार. मी ह्याचा बाप. आपण मला पोचवलंत म्हणून समक्ष भेटायला आलो."

आज्जी बराच वेळ बघत राहिल्या. मग आत या म्हणाल्या. कॉफी आली. नानांनी ती प्यायली, वर खोकून दाखवलं. आज्जींच्या चेहऱ्यावरचा संशय हळूहळू उतरला, आणि त्याच्या जागी संकोच आला. एका जिवंत माणसाची क्षमा कशी मागायची, हे त्यांना सुचत नसावं. नानाच म्हणाले की खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात, तेव्हा उपकारच झाले.

"पण मिशी?" आज्जींनी माझ्याकडे वळून विचारलं. "ती खरी गोष्ट काय?"

सुलभानं माझ्याकडे बघितलं. मी सुलभाकडे बघितलं. मग तिनंच सगळं सांगितलं. फोटो, मित्राची नाडी, वरदराजन सर, पत्र्याची फट, कात्री. सांगताना ती एकदाही अडखळली नाही. राघवची आई हसायला लागली, मग वडील. आज्जी हसल्या नाहीत.

"वाजवून दाखवा," त्या म्हणाल्या.

ऑर्गन मृण्मयीच्या पिशवीत होता. (कपाटातून तिनं तो कधी काढला, हे मला माहीत नाही.) मी पोटातून श्वास घेतला, ओठांचा चंबू केला आणि सुरुवात केली. मिशी नसल्यामुळे सूर खरंच स्वच्छ येत होते. सा रे ग म प ध. मग सातवं भोक आलं, समोर आज्जी डोळे मिटून ऐकत होत्या, आणि मी आधी श्वास सोडला.

आज्जींनी डोळे उघडले आणि नानांना विचारलं, "घरांत तुम्ही हें रोज ऐकतां?"

"मी साताऱ्याला असतो," नाना म्हणाले.

तेव्हा आज्जी हसल्या. इतक्या हसल्या की सुनेनं पाणी आणून दिलं. पंचांग मागवलं गेलं आणि राघव जपानला जायच्या आधीची तारीख निघाली. मृण्मयी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं नानांना वाकून नमस्कार केला, आणि मग बऱ्याच दिवसांनी माझ्या हाताला हात लावला. निश्चयाला तुम्ही वाजवायचंच, असं आज्जींनी मला पुन्हा एकदा बजावलं. त्यांच्या मनाच्या मोठेपणानं मी भारावून गेलो.

साखरपुडा एका छोट्या हॉलमध्ये झाला. इकडच्या रिवाजाप्रमाणे एका बाजूला नादस्वरम आणि तविल, म्हणजे इकडची सनई आणि ढोल, वाजवणारे बसले होते. मुहूर्ताच्या क्षणी कुणाची शिंक किंवा रडणं असा एखादा अशुभ आवाज कानावर पडू नये म्हणून इथे घरातलं वडीलधारं माणूस बोट उंचावून खूण करतं, आणि वादक सगळी ताकद लावून एकदम वाजवायला लागतात. त्याला गेट्टी मेळम म्हणतात. त्यापुढे शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

अंगठ्या घालून झाल्या. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, सगळ्यांना नमस्कार केला, माउथ ऑर्गन ओठांना लावला आणि डोळे मिटायच्या आधी सहज पुढच्या रांगेत बघितलं. आज्जींचं बोट वर होतं.

मी शेवटपर्यंत वाजवलं. काय वाजवलं ते मलाही ऐकू आलं नाही. हॉलमधून खाली उतरताना मात्र सगळ्यांनी हात मिळवून माझं कौतुक केलं, आणि मृण्मयीच्या मते त्या दिवसाइतकं चांगलं मी त्यानंतर एकदाही वाजवलेलं नाही.